यंदा एक पिशवी माझी

मैत्रिणींनो, पिशव्या भरण्यात आपला हात धरणारं कुणी सापडायचं नाही. लग्नाला निघायचं असो, नणंदेच्या बाळंतपणाला जायचं असो, मुलांची सहल असो की सासऱ्यांना धुळ्याला डॉक्टरांकडे न्यायचं असो, आपण डोळे मिटून बॅग भरतो. कुणाच्या गोळ्या कुठल्या कप्प्यात, कुणाला आपलीच चादर लागते, गाडीत कुणाला मळमळतं म्हणून आवळासुपारी कुठे ठेवायची, सगळं तोंडपाठ. पण या पिशव्यांना एकेक नाव असतं, पाहिलंत का? लग्नाची पिशवी, दवाखान्याची पिशवी, देवदर्शनाची पिशवी. असं भक्कम नाव असलं की घराबाहेर पडणाऱ्या बाईला "कशाला?" म्हणून कुणी विचारत नाही.

मागच्या जानेवारीत मी एक पिशवी भरली, तिला असं नाव नव्हतं. मी मुंबईला धावायला निघाले होते. चांगलं २१ किलोमीटर!

हसू नका. मी काही खेळाडू नव्हे. वय ३६, मराठी घेऊन बी. ए. झालेली, नंदुरबारच्या एका शाळेत अर्धा वेळ शिकवते, उरलेला वेळ तुमच्यासारखाच कुठे जातो ते कळत नाही. शेजारची एक मैत्रीण परिचारिका आहे. तिच्यासोबत दोन वर्षांपूर्वी पहाटे फिरायला जाऊ लागले. फिरता फिरता एक दिवस आम्ही दिव्याच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत धावलो आणि दम लागून हसत बसलो. मग दोन खांब, मग चार. असं करता करता एका पावसाळ्यात तिनं मुंबई मॅरेथॉनच्या अर्ध्या शर्यतीसाठी दोघींची नावं नोंदवून टाकली.

ही शर्यत २००४ साली सुरू झाली. करोनाची दोन वर्षं सोडली तर दरसाल होते, आणि आता तिचा दिवस ठरलेला आहे: जानेवारीचा तिसरा रविवार. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची आणि अर्धी २१.०९७ ची. हौशी माणसांसाठी त्याहून लहान अंतरंही असतात. आपल्या नंदुरबारहून मुंबई रेल्वेनं सुरतमार्गे चारशेच्या वर किलोमीटर. म्हणजे सकाळी उठून, चहा घेऊन शर्यतीला उभं राहिलं, असं आपल्याला जमणार नाही. गुरुवारी रात्री निघायचं, सोमवारी सकाळी परत यायचं, असा बेत ठरला.

आणि इथेच पहिली पंचाईत. जानेवारीचा तिसरा रविवार १५ ते २१ तारखेच्या आतच येतो. म्हणजे ऐन संक्रांतीच्या पाठोपाठ! घरात तिळाचे लाडू, रोज कुणाचं ना कुणाचं हळदीकुंकू, वाणाची खरेदी. अशा दिवसांत घरची सून तीन दिवस बाहेर, आणि तीही धावायला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. फक्त तूर निवडता निवडता एकदा विचारलं, "तठेन काय लई येशी व?" तिथून काय घेऊन येणार ग, एवढाच प्रश्न. रागाचा नव्हता, कुत्सितही नव्हता. त्यामुळेच उत्तर सुचेना. तब्येतीसाठी म्हणावं, तर तब्येत इथल्या इथे फिरूनही सांभाळता येते. बक्षिसासाठी म्हणावं, तर ते आपल्याला मिळणार नाही हे मलाही ठाऊक होतं. मी आपली "बघू" म्हणून उठले.

आता तयारीचं सांगते. कुणाला असं काही करायचं झालंच तर उपयोगी पडेल.

सर्वांत आधी रक्त तपासून घ्या. मैत्रीण म्हणाली, "बूट नंतर, आधी हिमोग्लोबिन." आपण बायका थकवा आला की कामाला दोष देतो. माझं हिमोग्लोबिन १०.४ निघालं. बाईचं निदान १२ तरी असावं लागतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्यासोबत मैत्रिणीनं एक साधी गोष्ट सांगितली: जेवणाला लागून चहा प्यायचा नाही, मध्ये तासाभराचं अंतर ठेवायचं, कारण चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू मात्र अवश्य पिळायचं, त्यानं उलट मदत होते. तीन महिन्यांत जिना चढताना धाप लागेनाशी झाली. धावले नसते तरी एवढा फायदा खराच होता.

दुसरी तपासणी आपल्या जिल्ह्यासाठी मुद्दाम सांगते. सिकलसेल. आपल्या भागात, विशेषतः आदिवासी कुटुंबांमध्ये हा रक्तदोष बराच आढळतो. आईवडील दोघांकडून आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस फक्त वाहक असतो, आणि वाहकाला एरवी काही त्रास जाणवत नाही. पण उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना शरीर फार ताणलं तर क्वचित त्यालाही धोका होऊ शकतो. केंद्र सरकारनं २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आहे, आणि सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. माझ्या वर्गात डोंगराकडच्या मुली आहेत. वाऱ्यासारख्या धावतात. शाळेच्या स्पर्धेआधी त्यांच्या पालकांना मी आता हे आवर्जून सांगते. वाहक निघाली म्हणून मुलीचं धावणं बंद करायचं नाही. डॉक्टरांना विचारायचं, पाणी भरपूर द्यायचं, उन्हात दामटायचं नाही आणि दुखतंय म्हणाली की थांबवायचं, एवढंच.

सरावाचं गणित स्वयंपाकासारखंच आहे, आच एकदम मोठी करायची नाही. आठवड्यातले चार दिवस आम्ही धावत होतो. तीन दिवस थोडं थोडं आणि रविवारी लांबचं. रविवारचं अंतर दर आठवड्याला फार तर एखाद्या किलोमीटरनं वाढवायचं, आणि मधूनच एक आठवडा कमी करून पायांना उसंत द्यायची. ऊसवाहतुकीचे दिवस असले की पहाटेच्या अंधारात ट्रॅक्टर-ट्रॉल्या येतात, म्हणून समोरून येणारं वाहन दिसेल अशा बाजूनं धावायचं आणि अंगात फिकट रंगाचा कपडा घालायचा. डिसेंबरात गावाबाहेर मिरचीच्या पथारी पडतात. दुरून तो लाल गालिचा कितीही छान दिसला, तरी वारा त्या बाजूनं असला की ठसका लागून डोळ्यांना धारा! नंदुरबारच्या मिरचीची कीर्ती देशभर का, हे धावल्याशिवाय नीट कळत नाही. आम्ही त्या दिवसांत रस्ताच बदलला.

सर्वांत लांबचा सराव, १८ किलोमीटरचा, शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी करायचा असतो. म्हणजे बरोबर दत्तजयंतीच्या सुमारास. सारंगखेड्याच्या यात्रेला, घोडेबाजार बघायला आलेले पाहुणे घरात उतरलेले, आणि मी पहाटे चारला उठून दाराची कडी आवाज न करता काढतेय! परत आले तेव्हा पाहुण्यांचा दुसरा चहा व्हायचा होता. तो मीच केला. पाय थरथरत होते, पण कुणाला काही कळलं नाही, आणि मला मात्र दिवसभर गंमत वाटत राहिली.

शेवटचे दोन आठवडे सराव कमी करायचा. इथे भल्याभल्यांचा धीर सुटतो. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून पाठ करणाऱ्या मुलींना मी जे सांगते तेच इथे लागू आहे: आता नवीन काही शिरणार नाही, झोप काढ.

आता पिशवीकडे वळू. पहिली गोष्ट शर्यतीचा क्रमांक. कागदासारखा एक तुकडा असतो, त्याच्या मागे वेळ मोजणारी पातळ पट्टी चिकटवलेली असते. तो शर्यतीच्या दिवशी मिळत नाही. आधीच्या दोन-तीन दिवसांत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या केंद्रावरून घ्यावा लागतो. म्हणून गावाहून येणाऱ्यांनी शुक्रवारीच पोचलेलं बरं. नोंदणीची पावती आणि फोटोचं ओळखपत्र, अस्सल, प्रत नव्हे, हे पर्समध्ये, सामानात नाही. हा क्रमांक छातीवर लावायला चार सेफ्टी पिना लागतात. तिथे मिळतात, पण आपण बायका पिनांसाठी दुसऱ्यावर कशाला अवलंबून राहायचं? बांगडीला अडकवलेल्या असतातच.

या क्रमांकावरून एक हकिगत आठवली. अमेरिकेत बोस्टन इथे फार जुनी मॅरेथॉन होते. १९६७ साली कॅथरीन स्विट्झर नावाच्या विशीतल्या मुलीनं आद्याक्षरं लिहून नाव नोंदवलं. नावावरून ती बाई आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिला क्रमांक मिळाला २६१. धावताना मात्र संयोजकांपैकी एकानं तिला पाहिलं आणि भर रस्त्यात अंगावर धावून जाऊन तिचा क्रमांक ओढून काढायचा प्रयत्न केला. सोबतच्या लोकांनी त्याला बाजूला ढकललं आणि तिनं शर्यत पुरी केली. बोस्टनला बायकांना रीतसर प्रवेश मिळाला तो १९७२ साली, आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती थेट १९८४ साली. बायकांना एवढं अंतर झेपायचं नाही, अशी तोवर शहाण्यासुरत्या माणसांची समजूत होती. पाण्याचे हंडे घेऊन डोंगर चढणाऱ्या आमच्या धडगावकडच्या बायकांना कुणी विचारलं असतं तर!

आपल्या मातीतलीच उदाहरणं घ्या. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत आदिवासी पाड्यावर वाढली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं १०,००० मीटरला कांस्यपदक मिळवलं. राष्ट्रकुलमध्ये धावपट्टीवरचं वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२, २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षं भारतीय महिलांत पहिली आली आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी धावली. आणि बारामतीच्या लता करे तर साठी उलटल्यावर, पतीच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर २०२० साली मराठी चित्रपटही आला आणि त्यात त्यांची भूमिका त्यांनी स्वतःच केली.

लताबाईंचं नाव घेतलं की कपड्यांचा प्रश्न निम्मा सुटतो. ज्यात तुम्ही सराव केलात तोच कपडा चांगला. फक्त सुती कापड घामानं जड होतं आणि घासतं, म्हणून पातळ, लवकर वाळणारं कापड घ्या. मी लांब बाह्यांचा टी-शर्ट आणि सैलसर पॅन्ट घातली. आतल्या कपड्यांबद्दल बोलायला आपण लाजतो, पण खरा त्रास तिथेच होतो. धावण्यासाठीची घट्ट ब्रा दुकानात मिळते, ती निदान चार वेळा धुऊन, वापरून मगच पिशवीत टाका. तिची कड, काख आणि मांड्यांची आतली बाजू इथे व्हॅसलीन चोपडा. नाहीतर १२ किलोमीटरनंतर घाम आणि मीठ मिळून असं काही झोंबतं की पाय धड असूनही थांबावं लागतं.

आणि 'तारीख'. शर्यतीचा रविवार आपल्या पाळीला विचारून ठरत नाही. पूजेसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घ्यायची आपल्याकडे सवय आहे. शर्यतीसाठी त्या परस्पर दुकानातून आणून घेऊ नका. मैत्रिणीचं म्हणणं, त्या कुणाला चालतात नि कुणाला नाही हे डॉक्टरांनीच ठरवावं. पाळीतही धावता येतं. सरावात एकदा धावून बघा आणि तारीख जवळ असो-नसो, पॅड पिशवीत ठेवाच.

दागिन्यांचं काय? हातातल्या बांगड्या आणि गळ्यातलं मोठं मंगळसूत्र धावताना सतत आपटतं, मानेला घासतं, शिवाय मुंबईच्या गर्दीत सोन्याची काळजी वेगळीच. मी हा विषय घरात काढायला बिचकत होते. शेवटी सासूबाईंनीच सोडवला. म्हणाल्या, सोनं कपाटात ठेव, गळ्यात काळी पोत राहू दे. झालं! महिनाभर मनात घोळवलेली भाषणं वाया गेली.

खाण्याचं तर आपल्याला कुणी शिकवायला नको, पण एक पथ्य कडक पाळायचं. आदल्या दिवशी पोटाला जड आणि चोथ्याचं काही नाही. म्हणजे आपलं भरीत-भाकरी, शेवभाजी, काळा मसाला, ठेचा, उसळ, सगळं रविवार दुपारनंतर. मुंबईला मी दादरला मावसबहिणीकडे उतरले होते. तिनं प्रेमानं उंधियूचा बेत केला होता. तिला म्हटलं, "बाई ग, रविवारी रात्रीसाठी बाजूला ठेव. आज मला मऊ मुगाची खिचडी घाल." पहाटे शर्यतीच्या दोन तास आधी एक केळं आणि तूप-साखर लावलेली एक पोळी, असं मी घरीही लांबच्या सरावाआधी खात होते, तेच तिथे खाल्लं. तिळाचे चार लाडू मात्र सोबत नेले. ते शर्यत संपल्यावर कामाला आले आणि अनोळखी बायकांना "तिळगूळ घ्या" म्हणायचीही सोय झाली.

पाण्याबद्दल दोन्ही टोकं टाळायची. तहान मारून धावायचं नाही आणि भीतीपोटी घटाघटा पीतही सुटायचं नाही. प्रमाणाबाहेर पाणी प्यायलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन चक्कर येते, प्रसंगी जिवावर बेतू शकतं. तहान लागेल तसे दोन-तीन घोट. वाटेत पाण्याची ठिकाणं असतात. सरावाच्या दिवशी घरी आल्यावर मी मुलांच्या जुलाबात देतो तेच पाणी पीत असे: एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आपल्याकडे जानेवारीत पहाटे हुडहुडी भरते, मुंबईची हवा मात्र दमट, तेव्हा घाम दुप्पट येतो असं धरून चाला.

आता बुटांची गोष्ट. ती सांगायची म्हणून मी मघापासून थांबले आहे.

निघायच्या आठ दिवस आधी आमच्या ह्यांनी मला न सांगता नवे कोरे बूट आणले. गुलाबी पट्ट्यांचे, महागाचे. "मुंबईला जुने घालून जाऊ नकोस," म्हणाले. मला फार बरं वाटलं. मी ते हातात घेऊन बघत होते, तेवढ्यात सासूबाई माजघरातून म्हणाल्या, "नव्या वहाना घालीसन गडवर कोन जास?" नव्या वहाणा घालून गडावर कोण जातं!

आपल्या खानदेशातून चैत्रात सप्तशृंगीच्या गडाला हजारो माणसं पायी जातात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सासूबाई तरुणपणी दोनदा गेल्या होत्या, हे मी उडत उडत ऐकलं होतं, पण त्यांनी कधी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्या बोलायला लागल्या. वहाण जुनीच घ्यायची, पायाला ओळख असलेली. जुन्या धोतराचा मऊ तुकडा बोटांना गुंडाळायचा. रात्री मुक्कामाला तळव्यांना खोबरेल चोळायचं. फुटाणे-गूळ कमरेला, मिठाचा खडा पदराच्या गाठीत. पहिल्या दिवशी हुरूप असतो म्हणून पुढे पळायचं नाही, पहिल्या दिवशी पळणारेच तिसऱ्या दिवशी बैलगाडी शोधतात. मैत्रिणींनो, मी धावण्याविषयी मोबाइलवर इतकं वाचलं होतं, इंग्रजीतून, आकडेवारीसकट. त्यातलं एकही कलम या बाईच्या बोलण्यातून सुटलं नव्हतं.

मी विचारलं, "कशासाठी गेला होतात?" म्हणाल्या, पहिल्यांदा ह्यांच्या वेळचा नवस होता, मुलगा झाला म्हणून. "आणि दुसऱ्यांदा?" त्या जरा थांबल्या. मग पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, दुसऱ्यांदा काही नवसबिवस नव्हता. मनात आलं, गेले. घरी सांगितलं की नवसातलं थोडं फेडायचं राहिलंय.

चाळीसेक वर्षं त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानंतर 'तिथून काय आणशील' हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. नवे बूट मी कपाटात ठेवले आणि जुने, अंगठ्याशी माझ्या पायाचा आकार उमटलेले बूट पिशवीत घातले. तेही सामानात खाली नाही, हातातल्या पिशवीत, कारण बाकी सगळं हरवलं तरी मुंबईत मिळेल, ते मिळणार नाहीत. ह्यांना थोडं वाईट वाटलं. परत आल्यावर रोज घालून ते बूट मी पायाशी जुळवून घेतले, तेव्हा खुलले.

घरासाठी काय करून ठेवायचं, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. माझ्या मनात तीन दिवसांच्या भाज्या, पुऱ्या, चटण्या, धुतलेले गणवेश, सगळं मांडून जायचं होतं. पण तसं करणारी बाई बुधवारी रात्री एक वाजता झोपते आणि रविवारी पाय ओढत धावते. मैत्रिणीनं अट घातली: घरची यादी वहीच्या एका पानाच्या वर जायची नाही. मग उरलं काय? दुधाचा हिशेब, सासऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा, धाकट्याचा शनिवारचा गणवेश, गॅसच्या नंबराचा कागद आणि कुकरच्या किती शिट्ट्या. बाकी त्यांचं ते बघतील. हळदीकुंकवाचंही तसंच. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत ते केव्हाही करता येतं, म्हणून मी माझं पुढच्या आठवड्यात ठेवलं. शेजारणींना आधीच सांगून टाकलं, म्हणजे कुजबूज नको.

शर्यतीविषयी थोडक्यातच सांगते. अर्ध्या मॅरेथॉनची सुरुवात माहीमहून, पहाटे अंधारातच. आम्ही उभ्या असताना माझे हात गार पडले होते. एक जुना सदरा अंगात चढवून नेला होता, तो सुरुवातीला काढून टाकला. ही युक्ती लक्षात ठेवा. मग समुद्रावरचा तो मोठा पूल, दोन्ही बाजूंना काळं पाणी, आणि पुढे-मागे हजारो पावलांचा नुसता सळसळ आवाज. वरळी, हाजी अली, आणि मग पेडर रोडचा चढ. तिथे बरेच जण चालायला लागले. मला आठवलं, पहिल्या दिवशी पळणारे बैलगाडी शोधतात! मी सुरुवातीपासून हळूच होते, त्यामुळे चढावरही हळूच गेले, पण थांबले नाही. रस्त्याच्या कडेला घरातली माणसं बिस्किटं, संत्र्याच्या फोडी, खडीसाखर घेऊन उभी होती. कुणा आजींनी "शाब्बास ग पोरी" म्हटलं आणि मला नंदुरबारात इतक्या वर्षांत कुणी 'पोरी' म्हटलेलं आठवेना. दोन तास ५१ मिनिटं लागली. मैत्रीण माझ्या चार मिनिटं पुढे होती, हे ती अजून दर आठवड्याला आठवण करून देते.

आणि घर? घर उभं होतं. दोन वेळा पिठलं-भात झाला, एकदा बाहेरून कचोऱ्या आल्या, एक पातेलं करपलं. धाकटा शनिवारी चुकीचे मोजे घालून शाळेत गेला आणि शाळेला त्याचा पत्ताही लागला नाही. खरं सांगू? आपल्यावाचून घर तीन दिवस चालतं हे पाहून हायसं वाटलं, आणि आत कुठेतरी थोडं दुखलंही. दोन्ही खरं आहे. ते दुखणं घेऊनच बाहेर पडायचं असतं, असं मला वाटतं.

सासूबाईंनी पदक हातात घेऊन वजन करून पाहिलं. "पितळेचं का?" म्हणाल्या. मग ते देवघराच्या खुंटीला, गडावरून आणलेल्या तसबिरीशेजारी त्यांनी स्वतःच अडकवलं.

तुमच्या सोयीसाठी माझी यादी खाली देते. कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

हातातल्या पिशवीत: सरावातले जुने बूट, मोज्यांचे वापरलेले दोन जोड, धावायचे कपडे, नोंदणीची पावती, अस्सल ओळखपत्र, आठ सेफ्टी पिना.

छोट्या डब्यात: व्हॅसलीन, चिकटपट्टी, खोबरेल, केसांचे रबर, पॅड, नेहमीच्या गोळ्या, मीठ-साखरेच्या दोन पुड्या.

सामानात: टाकून देता येईल असा जुना सदरा, शर्यतीनंतरचा कोरडा कपड्यांचा जोड, सपाता, पंचा, ओल्या कपड्यांसाठी प्लॅस्टिकची पिशवी.

खाण्यात: केळी, घरच्या पोळ्या, तिळाचे लाडू.

घरी ठेवायचं: सोनं, नवे बूट आणि एक पान यादी.

तुम्हाला धावायचंच असं नाही. कुणाला पोहायला शिकायचं असेल, कुणाला शाळेतल्या मैत्रिणीला भेटायला एकटीनं पुण्याला जायचं असेल, कुणाला नुसतंच तोरणमाळचं तळं निवांत बघायचं असेल. या वर्षात एकदा तरी अशी एक पिशवी भरा. घरातल्या थोरल्या बाईला त्याआधी जवळ बसून विचारून मात्र बघा, त्या दुसऱ्यांदा कुठे गेल्या होत्या. निघण्याआधी दोन दिवस नीट झोपा, आणि वहाणा जुन्याच घ्या.